शब्दाआधीचा आवाज

आमच्या अमळनेरच्या घराची मांडणी अशी: पुढे पिठाची गिरणी, मागे घर, दोघांच्या मधे एक अरुंद बोळ आणि गिरणीच्या डोक्यावर एक खोली. खोलीत रिकामी पोती, उतरवलेले पट्टे आणि कान तुटलेली घमेली असायची. एका उन्हाळ्यात मी लॅपटॉप घेऊन तिथे राहायला गेले. ते दिवस आठवले की मला आधी तिथला उजेड दिसतो. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत यायचं आणि त्यात पीठ तरंगत असायचं. ते खाली बसायचं नाही, वरही जायचं नाही. खालच्या गिरणीची घरघर फरशीतून तळपायांत चढायची, तिथून पोटऱ्यांत, आणि थोड्या वेळाने मी जागी आहे की पोत्यांवर डोळा लागलाय, हे माझं मलाच सांगता यायचं नाही.

मी जळगावला एका लहानशा ऑफिसात प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करते. एरवी रोज रेल्वेने जाते-येते. त्या उन्हाळ्यात घरून काम करायची परवानगी मागून घेतली होती, कारण नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज जाणार होता. गळ्यात गाठ निघाली होती आणि स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. डॉक्टर म्हणाले, गळ्याला पुढून एक छिद्र ठेवू, श्वास तिथून घेतील. जेवतील, हिंडतील, गिरणीवर बसतील; फक्त बोलणार नाहीत. तो 'फक्त' डॉक्टरांनी इतक्या सहज उच्चारला की मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

कारण नाना म्हणजे आवाजच होता. जन्मभर मोटारीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे साधं 'जेवण झालं का' विचारलं तरी गल्लीला कळायचं. माय म्हणायची, यांनी कानात सांगितलेलं गुपित स्टेशनवर ऐकू जातं. ते घरात यायच्या आधी त्यांचा आवाज घरात यायचा. आजाराने तो घोगरा झाला होता, जात्याला टाकी लावायची राहून गेली की दळण जसं भरड येतं तसा. पण होता त्यांचाच. मी ठरवलं, जायच्या आधी तो साठवून ठेवायचा.

तयार आवाज बाजारात मिळतात. असा एक मी टॅबवर लावून नानांना ऐकवला. 'कृपया मला चहा द्या,' तो म्हणाला, बातम्या दिल्यासारखा. नानांनी मान तिरकी करून ऐकलं.

"हाऊ ते पुनाना मानूस शे," ते म्हणाले. "हाऊ मनी बायकोले च्या काबर मांगस?"

माय, जिच्याकडे तो परका चहा मागत होता, बोळाच्या दारात उभी होती. तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत राहिली. पुण्याचा माणूस बाद झाला.

मग ठरलं ते असं. नानांची रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायची. टॅबवर चित्रांची बटणं करायची. कपाच्या चित्रावर बोट ठेवलं की 'च्या ठेव', डब्याच्या चित्रावर ठेवलं की 'हाई दयन कोनं शे', म्हणजे हे दळण कोणाचं. ऐकायला सोपं काम. पण प्रोग्रॅम लिहिण्याआधी तो लिहायची हत्यारं मांडून घ्यावी लागतात, आणि माणसाचं आयुष्य जातं ते तिथे. मला पायथन नावाच्या भाषेत काम करायचं होतं. आवाज कापायला-जोडायला एक हत्यार हवं. त्याला दुसरं हत्यार लागतं. दुसरं म्हणतं, मला भाषेची जुनी आवृत्तीच हवी. जुनी घातली की पहिलं रुसतं. लग्नात एका मामाची समजूत काढून त्याला पंगतीला बसवावं, तोवर दुसरा मांडवाबाहेर जाऊन उभा, तसला प्रकार. शेवटी सगळी मंडळी जमली, तर कॉम्प्युटर म्हणतो, या नावाचं इथे कोणी राहत नाही. वस्तू घरातच असते. ती कोणत्या फळीवर ठेवली आहे तेवढं त्याला सांगायचं राहिलेलं असतं. हे मला कळेपर्यंत माझ्या तोंडून जे शब्द गेले ते नानांच्या देखत जायला नको होते.

त्यात आमची वीज. गिरणीची मोटार सुरू झाली की घरातला दिवा एकदा डोळा मारतो. दिव्याबरोबर राऊटरही मारायचा, आणि शेवटाला आलेलं डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. खिडकीतून एखादी बाई डोक्यावर डबा घेऊन येताना दिसली की मला तिचा राग यायचा. संध्याकाळच्या भाकरीसाठी ज्वारी घेऊन आलेल्या बाईचा राग, पण यायचा खरा. दुपारी जेवणं झाल्यावर गिरणी बंद असे. तेवढाच वेळ डाउनलोडला मिळायचा आणि तेवढाच नानांच्या रेकॉर्डिंगला. बाहेर ऊन भाजत असायचं, गल्लीत चिटपाखरू नसायचं, आणि त्या थांबलेल्या दुपारी वरच्या खोलीत आम्ही दोघं बाप-लेक: मी पिठापासून वाचवायला लॅपटॉपवर मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरून बसलेली, नाना पोत्यांच्या थप्पीवर मांडी घालून. पडद्यावर एक बारीक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत असायची. तिच्याकडे बघता बघता दोघांनाही डुलकी लागायची.

मी वैतागले की नाना विचारायचे, आता काय झालं. मग मी सांगायचे. या भाषेत ओळींना बांधायला कंस नसतात. ओळीच्या आधी जी मोकळी जागा सोडायची, तिच्यावरून यंत्राला कळतं, कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे. माझ्या कीबोर्डच्या लांब पट्टीखाली पीठ गेलेलं, त्यामुळे मोकळी जागा कधी उमटायची, कधी नाही. डोळ्याला काही चुकलेलं दिसत नाही आणि यंत्र अडून बसतं. बरं, चूक जिथे दाखवतं तिथे ती असेलच असंही नाही. वरच्या ओळीतला कंस मिटायचा राहिला असला तर ते बिचाऱ्या खालच्या ओळीकडे बोट करतं. ऑफिसात नवीन आलेल्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते: जिथे बोट दाखवलंय तिथेच बघत बसू नका, जरा वर बघा.

एकदा त्यांना सांगितलं, आमच्यात मोजायला शून्यापासून सुरुवात करतात. पहिल्या वस्तूचा नंबर शून्य. मला वाटलं, हसतील. नाना हसले नाहीत. धान्य मापताना पहिल्या मापाला ते कधी 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणायचे, आणि मग दोन, तीन. आमच्याकडे सगळेच तसं म्हणतात.

"आमनं लाभ, तुमनं शून्य," नाना म्हणाले. "गोट एकच शे."

आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. गळ्यावरची ती गाठ बाहेरून दिसतही नव्हती.

रेकॉर्डिंगची एकच अडचण होती, नानांचं खाकरणं. बोलायच्या आधी ते खाकरायचे. प्रत्येक वाक्याआधी. मी हाताने खूण करायची, नाना छाती भरून 'खंऽहं' करायचे आणि मग वाक्य यायचं. 'खंऽहं. च्या ठेव.' 'खंऽहं. मिरची न्यारी दया', म्हणजे मिरची वेगळी दळा. मी म्हणायचे, नाना, खाकरू नका ना, नुसतं बोला. ते 'बरं' म्हणायचे, आणि त्या 'बरं'च्या आधीही खाकरायचे.

"खाकरल्याबिगर शब्द कसा येई?" त्यांनी एकदा मला विचारलं, अगदी खरं वाटून.

पहिल्या दिवशीची वाक्यं मी हौसेने मराठी नावं देऊन ठेवली. आवाज कापायचं ते हत्यार नेमकं तिथे अडलं. देवनागरी नाव दिसलं की त्याला फाइल सापडेचना. लांबलचक तांबडा मजकूर ओकून बंद पडायचं. दोन दिवस डोकं आपटलं. मग कंटाळून त्या फाइली 'जुनं' नावाच्या एका कोपऱ्यात ढकलल्या, तीच वाक्यं नानांकडून पुन्हा म्हणवून घेतली आणि इंग्रजी अक्षरांत नावं दिली. त्या हत्याराच्या सात पिढ्यांचा उद्धार मी त्या दिवशी केला.

पुढचं मात्र झरझर झालं. खाकरण्याचा बंदोबस्त एका ओळीने झाला. आवाजाचा पहिला लांब तुकडा जिथे सुरू होतो ती जागा शोधायची, तिथून पुढचं ठेवायचं, आधीचं टाकायचं. पायथनमध्ये त्यासाठी दोन टिंबं पुरतात. जागेच्या आकड्यापुढे टिंबं दिली की 'इथून पुढचं सगळं', आकड्याआधी दिली की 'इथपर्यंतचं सगळं'. मी टिंबं आकड्यापुढे दिली. कापलेली वाक्यं जुन्यांच्याच जागी ठेवली, म्हणजे पसारा नको. एका फटक्यात सगळी वाक्यं धुतल्या तांदळासारखी झाली. बटण दाबलं की तत्काळ शब्द. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

ऑपरेशन जळगावला झालं. नाना घरी आले तेव्हा गळ्याला पांढरी जाळी बांधलेली होती आणि श्वासाचा एक बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. खोकला आला तरी नुसता वारा सुटल्यासारखं व्हायचं. मी टॅब त्यांच्या हातात दिला. त्यांनी कपाच्या चित्रावर बोट ठेवलं. 'च्या ठेव,' टॅब म्हणाला, त्यांच्या आवाजात. माय भिंतीला धरून खाली बसली आणि रडली. नानांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी मला वाटलं, जिंकलं.

सुरुवातीला गिरणीवर गंमत चालली. बाया मुद्दाम विचारायच्या, नाना, आज काय म्हणतं तुमचं यंत्र. नाना बटण दाबून उत्तर द्यायचे. गिरणी आता माझा भाऊ चालवत होता. नाना पुढच्या ओट्यावर खाटेवर बसायचे. मग हळूहळू ते तिथलेच झाले. चहा ओट्यावर. जेवणाचं ताट ओट्यावर. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच बाहेर झोपतात, त्यामुळे रात्री बाहेर असण्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण उन्हाळा सरला, पाऊस पडून गेला, आम्ही अंथरुणं आत घेतली, तरी नाना बोळाच्या अलीकडेच. गिरणीच्या आडोशाला खाट ओढून घेतली. आंघोळ गिरणीमागच्या नळावर. घरात येणं म्हणून नाही. आत का येत नाही विचारलं की गिरणीतली पाटी घ्यायचे आणि खडूने लिहायचे, 'वारा शे आठे', म्हणजे इथे वारा आहे.

माय रोज त्यांच्यासाठी आत पाट मांडायची आणि मग ताट वाढून बाहेर घेऊन जायची. मला म्हणाली, "डबडं बठ्ठं बोलस. पन त्या घरमा येत नही." डबडं सगळं बोलतं, पण नाना घरात येत नाहीत, हे मला लागलं. मला वाटलं, माझंच काम अपुरं आहे. बटणं कमी पडत असतील. वाक्यं तुटक असतील. माणूस बोलता येत नाही म्हणून मिटत चाललाय, तर त्याला आणखी बोलतं करायला हवं. मी परत वरच्या खोलीत जाऊन बसले. असलेल्या वाक्यांचे शब्द सुटे केले, ते जोडून नवी वाक्यं होतील असं काही तरी लिहायला घेतलं. त्यासाठी हत्याराची नवी आवृत्ती लागली, आणि तिने जुनं चालत असलेलंही मोडलं. पुन्हा हिरवी पट्टी, पुन्हा दिव्याचं डोळा मारणं, पुन्हा तांबडा मजकूर. मला स्वप्नातही तोच मजकूर दिसायचा. तो पिठासारखा उन्हात तरंगत असायचा आणि मी त्याला हाताने खाली बसवायला बघायचे. उठून खिडकीतून पाहिलं की ओट्यावर नानांची पाठ दिसायची. सरळ बसलेली पाठ. घराकडे तोंड नसायचं.

तेव्हा मला भीती वाटू लागली होती. नाना मरतील अशी नाही. ते जिवंत असतील, ओट्यावर असतील आणि घरातून गेलेले असतील, अशी.

एके दिवशी दुपार कलल्यावर वहिनी माझा चहा घेऊन वर आली. माझ्या भावाची बायको, धुळ्याकडची, कमी बोलणारी. कप ठेवून गेली नाही. पट्ट्यांच्या ढिगाजवळ उभी राहिली.

"नाना मन्हामुये घरमा येत नही, ताई," ती म्हणाली.

तिच्यामुळे? मी पडद्यावरून नजर काढली. मग तिने सांगितलं. नाना दवाखान्यातून आल्यावरची गोष्ट. ती न्हाऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, केस पुढे मोकळे सोडून, अंगावर साधा गाऊन. बोळातून काही चाहूल आली नाही. वर पाहिलं तर नाना उंबऱ्यात उभे. ती दचकून उठली, हातातली फणी पडली. नाना मागच्या मागे वळले. त्यानंतर ते बोळ ओलांडून घरात आलेच नाहीत.

"मी त्यांना सांगितलं," वहिनी म्हणाली. "म्हटलं, नाना, पदर नसला तरी काय होतं, मी तुमची लेकच ना. त्यांनी हात जोडले मला." ती दाराकडे वळली. "पूर्वी बरं होतं. खाकरायचे ना."

चहा निवत होता. मला ते घर दिसत होतं, मी लहान असतानाचं. काका-काकू तेव्हा आमच्यातच राहायचे. नाना घरातले थोरले; काकू त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची. म्हणून नाना बोळात पाऊल टाकलं की खाकरायचे. आत बायका काय करत असतील ते करत असतील; त्यांना सावरायला एवढा वेळ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. कोणी कोणाला शिकवत नाही. 'खंऽहं' झालं की काकू पदर घ्यायची, मोलकरीण पाय आवरून घ्यायची, आम्ही मुलं दंगा थांबवायचो आणि माय चुलीवर आधण ठेवायची. काका-काकू वेगळे झाले, चूल जाऊन गॅस आला, पण खाकरणं राहिलं. वहिनी आल्यावर ते पुन्हा कामाला लागलं. नाना मायला कधी कशाने हाक मारत नसत. ना नावाने, ना 'अगं' म्हणून. तीच हाक होती. आणि बोलण्याआधीचं ते खाकरणंही त्याच दारातून आलं असणार: आत येतोय, सावरा, ही सूचना दिल्याशिवाय त्यांच्याच्याने कुठे शिरवत नव्हतं, शब्दातसुद्धा नाही.

नानांना सगळी वाक्यं मिळाली होती. घरात शिरायचा आवाज तेवढा मिळाला नव्हता, कारण तो मी कचरा म्हणून कापला होता. बोट दाखवलेल्या ओळीत मी इतके दिवस शोधत होते. चूक तिच्या वर होती.

वहिनी खाली गेल्यावर मी एकेक फाइल उघडून ऐकली. स्वच्छ वाक्यं. सगळी. मूळच्या जागी मीच कापलेली ठेवल्यामुळे मूळ कुठेच नव्हतं. फोनवर रेकॉर्ड केलेलं तर जागा करण्यासाठी कधीच पुसलं होतं. खाली गिरणी चालू होती आणि मला पहिल्यांदा ती बंद व्हावीशी वाटली नाही, कारण ती बंद झाली असती तर माझा हुंदका खाली ऐकू गेला असता.

आणि मग आठवलं. 'जुनं'.

तो कोपरा शोधायला वेळ लागला नाही, उघडायला लागला, बोट दाबवेना. पहिल्या दिवशीची वाक्यं, मराठी नावांची, ज्यांच्यावर ते हत्यार अडलं होतं आणि म्हणून ज्यांना कोणाची कात्री लागली नव्हती. 'च्या ठेव'. दाबलं. आधी खोलीचा आवाज आला, त्या उन्हाळ्यातल्या दुपारचा, दूर कुठे तरी एक होला घुमत होता. मग नानांनी छाती भरून घेतल्याचा आवाज. आणि मग ते आलं, घोगरं, भरड, त्या सगळ्या घराला माहीत असलेलं. ज्या हत्याराला मी इतक्या शिव्या घातल्या त्याचे मी त्या दिवशी मनातल्या मनात पाय धरले.

हत्याराची जुनी आवृत्ती परत घातली, फाइलीला इंग्रजी नाव दिलं. जुनीच ओळ उघडली. आकड्यापुढची दोन टिंबं खोडून आकड्याआधी दिली. इथपर्यंतचं सगळं. इतकंच काम होतं. नवी आवृत्ती नको, नवं हत्यार नको. नानांच्या फोनवर मी एकच बटण केलं, पूर्ण पडदाभर, त्यावर चित्र नाही की अक्षर नाही. न बघता दाबता यावं म्हणून.

ओट्यावर जाऊन फोन त्यांच्या हातात दिला. सांगितलं काहीच नाही. त्यांनी बोट ठेवलं. 'खंऽहं.' खाटेजवळून जाणारी शेळी थबकली. नाना फोनकडे बघत राहिले. आणखी एकदा दाबलं नाही. फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसले. त्यांचे डोळे मला दिसत नव्हते. गळ्यावरची जाळी मात्र जोरात आत-बाहेर होत होती. मी तिथे थांबले नाही, आत निघून आले.

उन्हं उतरायला लागली होती. स्वयंपाकघरात वहिनी लसूण सोलत होती, माय पोळपाटाशी बसली होती. मी कोठीच्या दाराला टेकून उभी होते, कशाची वाट बघतेय ते कोणाला न सांगता. गिरणी बंद झाली. घरघर थांबल्यावर नेहमी जी शांतता येते ती आली.

"खंऽहं."

बोळातून. वहिनीने वर पाहिलं नाही; लसणाचा हात तसाच, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला. माय उठली, गॅस लावला आणि पातेल्यात पाणी ओतलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हात आपोआप चालले होते. मग चपला काढल्याचा आवाज आला आणि नाना आत आले, अंग चोरून, पाहुण्यासारखे. मायने पाठमोरीच विचारलं, जसं ते लवकर घरी आले की ती जन्मभर विचारत आली होती.

"आज लवकर उनात?"

आणि उत्तराची वाट पाहिली. ती खरंच विसरली होती. पाण्याला आधण यायला लागलं होतं, उत्तर आलं नाही, आणि मला दिसलं की तिची पाठ हळूहळू ताठ होतेय, तिला आठवतंय. वहिनीचा लसूण थांबला. नाना पाटावर बसले. कोनाड्यात टॅब पडलेला होता, नानांनी पाटी धरल्यावर मायने आत आणून ठेवलेला, कित्येक दिवसांचा तसाच. तो त्यांनी ओढून घेतला, सदऱ्याच्या बाहीने त्यावरचं पीठ पुसलं आणि कपाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"च्या ठेव."

मायने डोळे पुसले, पण वळली नाही.

"ठेयेल शे," ती म्हणाली.